रेल्वेने की गाडीने? आधी घरात विचारा



सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुठे जायचं हे लवकर ठरतं. कसं जायचं, यावर मात्र आठवडा जातो. एक जण म्हणतो, "गाडी करू या. दारात बसायचं, दारात उतरायचं." दुसरा म्हणतो, "रेल्वेने जाऊ, पैसे वाचतील." शेवटी ज्याच्या हातात खर्च, त्याचं खरं होतं आणि बाकीचे बॅगा भरायला लागतात.

या वेळी सदरात याच साध्या प्रश्नाकडे जरा सावकाश बघू या. आपण पैसे मोजतो, तास मोजतो, आणि ठरवून टाकतो. प्रवासाचा भार ज्यांच्या शरीरावर पडतो, त्या म्हाताऱ्या माणसांना, बायकांना आणि लहान मुलांना सगळं ठरल्यावर सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करून बघा. उत्तर पुष्कळदा बदलतं.

आधी नकाशा बघा

आपल्या शहरातून (तिकिटावर आता छत्रपती संभाजीनगर, घरात बहुतेकांच्या तोंडी अजून औरंगाबाद) फिरायला जाण्याची ठिकाणं दोन प्रकारची आहेत. पहिली जवळची: म्हैसमाळ, गौताळा, अजिंठा, लोणार. इथे रेल्वेचा प्रश्नच येत नाही. लोणारच्या सरोवरापर्यंत रूळ नाहीत, म्हैसमाळच्या माथ्यावरही नाहीत. एका दिवसात जाऊन यायचं असेल, बरोबर म्हातारी माणसं असतील, तर गाडी करावी किंवा एसटी बघावी. एसटीत आता महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. घरात दोन-तीन बायका आणि एखादे दादा-दादी असतील, तर हा हिशेब एकदा करून बघाच.

गाडी केली तरी ती प्रत्येक ठिकाणी शेवटपर्यंत जातेच असं नाही. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी उभी करावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जावं लागतं. "दारात उतरायचं" हे तिथे चालत नाही.

दुसरा प्रकार लांबच्या ठिकाणांचा. कोकणाचं उदाहरण घेऊ, कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडेच गेलो होतो. खेड, दापोली, हर्णै, दाभोळ हा सगळा पट्टा बघण्यासारखा आहे. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. दाभोळला खाडीकाठी आदिलशाही काळातली दगडी शाही मशीद आहे. आपल्या कोकणी बिरादरीची जुनी गावं याच पट्ट्यात आहेत. मराठवाड्यातल्या माणसाला तिथली भाषा, तांदळाची भाकरी, घरासमोरची माडाची झाडं, सगळंच नवं वाटतं.

इथे जायला दोन रस्ते आहेत. गाडीने निघालात तर अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड, दापोली. साधारण सव्वाचारशे किलोमीटर. म्हणायला एका दिवसाचा रस्ता, पण पुण्याची गर्दी, घाटाची वळणं आणि माणगावची कोंडी धरली तर सकाळी फजरनंतर निघालेला माणूस रात्रीच पोचतो. रेल्वेने निघालात तर आधी ठाणे आणि तिथून कोकण रेल्वेने खेड. खेडपासून दापोली तीसेक किलोमीटर, ते पुन्हा रस्त्याने.

गाडीचा खरा हिशेब

आमच्या घरी आम्ही सहा जण जाणार होतो: सासूबाई म्हणजे अम्मी, मुलांचे अब्बू, मी, नणंद (आम्ही आपा म्हणतो) आणि दोन मुलं. घरात पहिला ठराव गाडीचाच आला. मी गणित शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण हिशेबाचा कागद मीच घेऊन बसले.

भाड्याची गाडी किलोमीटरवर मिळते. पण त्याच्या मागे एक अट असते: दिवसाला कमीत कमी २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, गाडी चालो की उभी राहो. समजा पाच दिवसांची सहल आहे. जाणं-येणं साडेआठशे आणि तिथे फिरणं दीडशे, असे एकूण हजार किलोमीटर झाले. रोजचे ३०० धरले तर बिल मात्र पंधराशे किलोमीटरचं होतं. किलोमीटरला १४ रुपये दर धरा: हजाराचे झाले १४ हजार, पंधराशेचे २१ हजार. हे वरचे सात हजार कशाचे? गाडी समुद्रकिनारी उभी राहिली, त्याचे. शिवाय ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळं.

दर तुमच्याकडे कमी-जास्त असेल, पण हिशेबाची रीत हीच. म्हणून गाडी ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: दिवसाची किमान किलोमीटर किती, ड्रायव्हरचा भत्ता किती, टोल कोणाकडे, आणि दिवस कधीपासून कधीपर्यंत मोजणार.

पाचवी गोष्ट बघायची ती नंबर प्लेट. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो, त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे घरगुती वापराची गाडी. "ओळखीतली आहे, स्वस्तात देतो" असं म्हणून कोणी पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन देत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. आणि वेळ वाईट आली तर विम्याची कंपनी त्याच कारणावर हात वर करू शकते. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

मागच्या सीटवर कोण?

पैशांच्या पुढे एक हिशेब असतो, तो कोणी कागदावर मांडत नाही. सात सीटची गाडी म्हणजे ड्रायव्हर धरून सात. आम्ही सहा जण बरोबर बसलो असतो. पण कसे? पुढे ड्रायव्हरच्या शेजारी घरातला कर्ता पुरुष, कारण त्याला रस्ता बघायचा असतो. मधल्या रांगेत म्हातारी माणसं. आणि सगळ्यात मागे, जिथे पाय पसरता येत नाहीत, काच उघडत नाही आणि घाटात पोटात ढवळतं, तिथे सून आणि मुलं. वाचक बहिणींनी आपापल्या घरच्या सहली आठवून बघाव्यात. ताम्हिणीचा घाट सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण मागच्या सीटवरून तो दिसतो किती? मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं मूल, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पुढून आवाज येतो, "बघा बघा, काय धबधबा आहे!"

निसर्ग बघायला निघालेल्या प्रवासात निसर्ग कोणाला दिसणार, हा प्रश्न विचारायला हवा. गाडी स्वतः चालवणाऱ्याला तर तो दिसतच नाही. त्याची नजर समोरच्या ट्रकवर असते, आणि असायलाच हवी.

पाणी न पिण्याची गोष्ट

आमच्या घरचा निर्णय बदलला तो मात्र या कशानेही नाही. अम्मी सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे दुखतात, बीपीची गोळी आहे. त्या एरवी अशा चर्चेत पडत नाहीत. मी सहज विचारलं, "अम्मी, तुम्हाला काय बरं पडेल?" त्या म्हणाल्या, "बेटा, कशानेही चला. गाडीने जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे मी सकाळपासून पाणी पिणार नाही."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मुलांचे अब्बू क्षणभर गप्पच झाले. त्यांच्या डोक्यात ही गोष्ट कधी आलीच नव्हती. आपाने मान डोलावली. तीही तेच करते. खरं सांगायचं तर मीही तेच करते. रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ जागा कुठे मिळेल, दार बंद होईल का, पाणी असेल का, गुडघे वाकतील का, आणि मुख्य म्हणजे सगळ्या पुरुषांसमोर "गाडी थांबवा" असं किती वेळा म्हणायचं? त्यापेक्षा तहान मारणं सोपं वाटतं. कितीतरी बायका प्रवासाच्या दिवशी बीपीची ती गोळीच टाळतात, जिने वारंवार जावं लागतं.

ही सवय साधी नाही. पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं यामुळे लघवीच्या जागेचा संसर्ग होतो. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना तो लवकर गाठतो आणि जास्त त्रास देतो. उन्हाळ्यात चक्कर येते ते वेगळंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करणं तर मुळीच बरोबर नाही. दहा तासांच्या गाडीच्या प्रवासात घरची मोठी बाई तहानलेली बसून राहते आणि आपण त्याला सहल म्हणतो.

आगगाडीत डब्यातच शौचालय आहे. ते नेहमी स्वच्छ असेल असा दावा कोणी करणार नाही. पण कोणाला विचारावं लागत नाही, कोणाला थांबवावं लागत नाही. बसायचा कमोडही बहुतेक डब्यांत असतो, गुडघेदुखीवाल्यांना तो मोठा आधार. बरोबर एक बाटली पाणी, साबण आणि जुना टॉवेल ठेवला की भागतं. एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरी रेल्वेचं ठरलं.

रात्रीचा रस्ता

गाडीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: रात्री निघू, सकाळी पोचू, दिवस वाया जाणार नाही. या युक्तिवादाला मी कधीच हो म्हणणार नाही. १५ ऑक्टोबर २०२३ ची मध्यरात्र आपल्या जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनी बस समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ ट्रकवर आदळली. बारा माणसं गेली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. आपल्यासारखीच, घरच्यांबरोबर निघालेली माणसं होती. अपघाताला अनेक कारणं असतात आणि त्यांची चौकशी करणारे लोक आहेत. आपल्या हातात एवढंच आहे की रात्री बारा ते पहाटे पाच ही वेळ झोपेची आहे, रस्त्याची नाही. आणि जितक्या सीट तितकीच माणसं.

ड्रायव्हरचाही विचार करायला हवा. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. भाड्याने गाडी करणारं कुटुंब हे कधी विचारात घेतं का? आपण लॉजमध्ये झोपतो आणि तो गाडीत सीट मागे करून झोपतो. दुसऱ्या दिवशी घाटात आपली मुलं त्याच्याच हातात असतात. त्याची झोपायची जागा आणि जेवण आपल्या खर्चात धरा. त्यात माणुसकीही आहे आणि आपली सुरक्षाही.

समृद्धी महामार्गाबद्दल आणखी एक. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आणि आता कसारा घाटाचा डोंगर सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून ओलांडता येतो. ज्याला मुंबईत लवकर पोचायचं आहे त्याची चांगली सोय झाली. पण जो घाट बघायला निघाला आहे, त्याला बोगद्यात काय दिसणार? वेग हवा की देखावा, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

रेल्वेच्या खिडकीतून

हाच हिशेब रेल्वेलाही लागू आहे. रात्रीच्या गाडीने गेलात तर एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचतं, पण कसारा घाट झोपेत निघून जातो. देखावा बघायचा असेल तर दिवसाची गाडी हवी. आपल्याकडून मुंबईला सकाळी जनशताब्दी आणि वंदे भारत आहेत. वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झाली, आता ती नांदेडहून येते. ती लवकर पोचवते, पण तिच्या काचा बंद असतात आणि तिकीट महाग. जनशताब्दीच्या साध्या बैठकीच्या डब्यात खिडकी उघडते, वारा लागतो. ज्या मुलांना प्रवासात उलटी होते, त्यांच्यासाठी हा वारा औषधासारखा आहे.

औरंगाबाद सोडलं की थोड्याच वेळात दौलताबादचा किल्ला दिसतो. मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले येतात. मग नाशिककडची द्राक्षांची शेतं, आणि इगतपुरीनंतर उतरण सुरू होते. १८६५ मध्ये सुरू झालेला हा घाट-मार्ग दर ३७ मीटरला एक मीटर उतरतो. अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. थर्मासमधला चहा त्यांनी दोनदा घेतला. त्यांच्या लहानपणी आपल्या भागात मीटरगेजची छोटी गाडी होती. तिच्यात बसून आपण नांदेडला मामूंकडे कसे जायचो, हे त्या नातवंडांना सांगत होत्या. गाडीत पुढे-मागे बसलो असतो तर हे बोलणं झालंच नसतं. रेल्वेत समोरासमोर बसता येतं, कोणी उठून कोणाच्या शेजारी जाऊन बसतं, डबा उघडतो, दस्तरखान पसरतं. आम्ही नान, सुकी भाजी आणि उकडलेली अंडी नेली होती. खाण्याचं काय मिळेल, चालेल की नाही, ही चिंताच उरली नाही.

ती रात्र मुंब्र्याला खालाकडे काढली आणि दुसऱ्या सकाळी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस धरली. ही गाडी दिवसा कोकणातून जाते. कोकणकन्या रात्री जाते, तिच्यातून काही दिसत नाही. तिकीट काढताना नावावर नाही, वेळेवर लक्ष ठेवा.

कोकण रेल्वेबद्दल मुलांच्या मनात एक गैरसमज असतो की खिडकीतून समुद्र दिसेल. तो जवळजवळ दिसतच नाही. हा मार्ग किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याने जातो. दिसतात त्या नद्या, खाड्या, भातशेती, जंगल आणि बोगदे. २६ जानेवारी १९९८ ला हा पूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. त्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत आणि त्यांची मिळून लांबी सुमारे ८४ किलोमीटर आहे. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. खेडला उतरलात तर तो लागत नाही. रत्नागिरीच्या पुढचा पानवलचा ६४ मीटर उंच पूल बघायचा असेल तर आणखी पुढे जावं लागतं. मुलांना हे आधीच सांगितलं तर ती बोगदे मोजत बसतात. आमच्या मुलांनी वहीत रेघा मारल्या आणि दोघांच्या आकड्यांवरून खेडपर्यंत भांडण केलं.

जिथे रेल्वे कमी पडते

रेल्वेची बाजू घेते म्हणून तिच्या अडचणी झाकणार नाही. पहिली अडचण तिकिटाची. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत चांगल्या गाड्या लवकर भरतात. गणपतीच्या दिवसांत तर कोकणच्या गाड्यांचं नावच काढू नका. एका तिकिटावर सहा जणांची नावं बसतात, पण तत्काळमध्ये चारच. म्हणजे आमच्यासारख्या सहा जणांची दोन तिकिटं, आणि डबे वेगळे होण्याची भीती. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं; त्यावर गाडीत चढता येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे धरूनच हिशेब करा.

दुसरी अडचण जोडगाडीची. आपल्या शहरातून कोकणात जायला गाडी बदलावीच लागते. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी निघून गेली, तर दोन वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्याचे पैसे जातात. म्हणून मध्ये एक रात्र ठेवावी. नातेवाईक असतील तर तेवढ्या निमित्ताने भेट होते. नसतील तर लॉजचा खर्च हिशेबात धरावा.

तिसरी अडचण चढ-उतरण्याची. डब्याच्या पायऱ्या उंच असतात आणि खेडसारख्या स्टेशनवर गाडी फार वेळ थांबत नाही. म्हाताऱ्या माणसाला स्टेशन यायच्या दहा मिनिटं आधी दाराजवळच्या सीटवर आणून बसवा. सामान घेऊन एकाने आधी उतरायचं, मग दोघांनी हात द्यायचा. सामानही कमीच हवं: माणशी एक बॅग, आणि जी स्वतः उचलता येते तीच.

चौथी गोष्ट नमाजेची. भाड्याची गाडी मशिदीजवळ थांबवता येते, हा तिचा मोठा गुण आहे. रेल्वेत थांबण्याच्या जागा आपल्या हातात नसतात. सफरात मिळणारी सवलत आणि बसून पढण्याचे मसले घरातल्या प्रत्येकाला माहीत असतीलच असं नाही. निघण्याआधी आपल्या इमाम साहेबांना विचारून घेतलेलं बरं.

आणि काही घरांसाठी रेल्वे योग्यच नाही. ज्यांना व्हीलचेअरशिवाय हलता येत नाही, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, ज्यांच्या कडेवर तान्हं बाळ आहे आणि वाटेत गाडी बदलायची आहे, त्यांनी दारातून निघणारी गाडीच करावी. पण ती दिवसा, आणि दोन टप्प्यांत. पुण्यात मुक्काम, मग कोकण. दर दीड-दोन तासांनी थांबायचं, कोणी मागो न मागो. म्हणजे कोणाला तोंड उघडून सांगावं लागत नाही. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि शौचालय ही मोफत सोय असते. डिझेल भरताना ती मागायला संकोच करू नका. किल्ली लागत असेल तर घरातल्या पुरुषाने पुढे होऊन मागावी.

दोन्हींचा मेळ

आम्ही जे केलं ते असं: लांबचा पल्ला रेल्वेने, शेवटचा पल्ला तिथल्याच गाडीने. खेड स्टेशनबाहेर पिवळ्या पाटीची गाडी दोन दिवसांसाठी ठरवली. तिथला ड्रायव्हर तिथलाच असतो. त्याला भरती-ओहोटी माहीत असते, दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट केव्हा सुटते ते माहीत असतं, आणि रात्री तो आपल्या घरी झोपतो. तिसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. किनाऱ्यावर बसलो. त्या दिवशी गाडी उभी ठेवण्याचे पैसे कोणाला द्यावे लागले नाहीत. जाता-येताची तिकिटं, रिक्षा, हमाल, दोन दिवसांची गाडी असा सगळा खर्च कागदावर मांडला, तेव्हा तो भाड्याच्या गाडीच्या निम्म्यापेक्षा थोडा वर आला.

पण हे गणित माणसांच्या संख्येवर फिरतं. रेल्वेत प्रत्येक माणसामागे तिकीट वाढतं, गाडीचं भाडं तेवढंच राहतं. नवरा-बायको दोघंच जाणार असाल तर रेल्वे स्पष्ट स्वस्त. सहा जणांत फरक कमी होतो. आणि नुसत्या पैशांनी ठरवायचं असेल, तर दोन्ही कागद समोर ठेवा आणि उभ्या गाडीचे दिवस मोजायला विसरू नका.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघत अम्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हातात नारळपाणी होतं. त्यांनी ते पूर्ण प्यायलं. ज्यांच्या घरात अशी एखादी बुजुर्ग बाई आहे, त्यांना यात काय मोठं आहे हे सांगावं लागणार नाही.

म्हणून सुट्टीचा बेत करण्याआधी घरात सगळ्यांना एकत्र बसवून पाच प्रश्न विचारा. किती तास बसवेल? किती वेळा उठावं लागतं? गाडी लागते का? कोणती गोळी चालू आहे? आणि खिडकी कोणाला हवी आहे? उत्तर सगळ्यात आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून घ्या, मग मुलांकडून, मग बायकांकडून. खर्च करणाऱ्याने शेवटी बोलावं. एवढं झालं की रेल्वे की गाडी हे ठरवायला फार वेळ लागत नाही. तुमच्या घरी काय ठरलं ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.